दोनशे सहा कुजबुजी

पोस्टाच्या खिडकीपाशी एक आजोबा अडले होते. आतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "कसं पाठवायचंय?" आणि दोन्ही वेळा आजोबांनी हवेत नुसती बोटं नाचवली. "ते हो… ते… सही घेऊन परत येतं ते…"

मागची रांग चुळबुळली. कोणी घड्याळ पाहिलं, कोणी घसा खाकरला. आणि मग आजोबांच्या पाठीमागून, कानाच्या पाळीला जेमतेम शिवेल इतकी हलकी एक कुजबुज आली—

"पोचपावतीसह."

"पोचपावतीसह!" आजोबा गरजले. शब्द जणू त्यांनीच शोधून काढला होता.

रांगेत चौथ्या नंबरवर उभ्या असलेल्या मुलीच्या हातातलं पाकीट खाली पडलं.

आता कुजबुजीत ओळखण्यासारखं काय असतं? ना उंची, ना रंग, ना धड सूर. नवऱ्याची कुजबुज आणि चोराची कुजबुज अंधारात सारखीच लागते. पण ही मुलगी गेले अकरा दिवस, रोज आठ तास, कानांवर हेडफोन चढवून हीच कुजबुज ऐकत होती. तिच्या काळजात असं काही धस्स झालं, की पोस्टाचे शिक्के दोन मिनिटं वाकडे पडले. पटत नसेल तर त्या दिवशीची पाकिटं काढून बघा.

तिला सगळे 'सुई' म्हणत. रेकॉर्ड काढणाऱ्या एका कंपनीत ती मैफलींची ध्वनिमुद्रणं साफ करायची. तिचे कान म्हणजे प्रकरणच होतं. एका व्हायोलिन कॉन्चेर्टोत तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांच्या बुटांची करकर तिने इतकी स्वच्छ काढली, की रेकॉर्ड ऐकून ते गृहस्थ बायकोला म्हणाले, "अगं, मी त्या दिवशी अनवाणी गेलो होतो की काय?" पियानोच्या एका कॉन्चेर्टोत वाजवणारे बुवा स्वतःच गुणगुणत होते. ती गुणगुण तिने काढली, तर बुवा भेटायला आले आणि म्हणाले, "पोरी, तेवढंच मला बरं येत होतं."

सध्या तिच्यापुढे ऑपेरा होता, गेल्या वर्षी मोठ्या ऑपेरागृहात झालेला. त्या प्रयोगाचं नाव काढलं की माणसं अजून रुमाल शोधतात. तिसऱ्या अंकात, युद्धावरून वेष पालटून आलेल्या नवऱ्याचा हात नायिका, एक विणकरीण, हातात घेते आणि गाते, "हा हात मी…" आणि थांबते. वाद्यवृंद थांबतो. चार सेकंद सगळं सभागृह श्वास रोखून बसतं. मग एक खोल श्वास… आणि "…ओळखते!"

त्या चार सेकंदांवर वर्तमानपत्रांनी रकाने भरले. चारचे आता लोक नऊ सांगतात. मी सांगतो तेव्हा मधे चहा होतो.

पण सुईला माहीत असलेली गोष्ट रकानेवाल्यांना माहीत नव्हती. त्या शांततेच्या अगदी शेवटी, गाणाऱ्या बाईंच्या श्वासाला चिकटून, एका पुरुषाची कुजबुज होती. "ओळखते." आणि तिथेच नाही, तर तिन्ही अंकांत मिळून दोनशे सहा ठिकाणी, प्रत्येक ओळीच्या किंचित आधी, हा कोणीतरी पुढचे एक-दोन शब्द पुटपुटत होता. त्या सगळ्या पुसायचं काम तिच्याकडे आलं होतं. आणि अकरा दिवसांत तिने एकही पुसली नव्हती.

ती रांग सोडून बाहेर धावली. कुजबुजणारा आपलं काम उरकून पोस्टाच्या पायऱ्या उतरत होता. उंच, जरा वाकलेला, उन्हात डोळे बारीक करणारा.

"अहो… थांबा! 'ओळखते' म्हणा."

"काय?"

"'ओळखते.' हळू. मघाशी आजोबांना सांगितलंत तसं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही… कोण?"

"तुम्हाला पुसणारी," ती म्हणाली.

* * *

समोरच्या चहाच्या दुकानात त्याने तीन वेळा साखर घातली आणि ढवळायला विसरला. ऑपेरागृहात तो प्रॉम्प्टर होता. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, लाकडी टोपीखाली एक खड्डा असतो. त्यात हा संहिता घेऊन बसायचा. प्रेक्षकांना टोपीची पाठ दिसते, गाणाऱ्यांना याचं तोंड. गाणारा गोंधळायच्या आधी पुढचा शब्द त्याच्या पायाशी नेऊन ठेवायचा, एवढंच काम. ऑपेरागृहात त्याला 'कुजबुज्या' म्हणत.

"सोपं दिसतं," ती म्हणाली.

"शब्द सोपे असतात हो. माणूस गप्प झाला की खरी पंचाईत. तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय? मुद्दाम थांबला असेल आणि मी बोललो, तर त्याची जागा मारली. विसरला असेल आणि मी गप्प बसलो, तर…" त्याने चमचा खाली ठेवला. "ते चार सेकंद आहेत ना, ती माझी चूक आहे. बाईसाहेब शब्द विसरल्या होत्या. मला वाटलं, काय सुंदर थांबल्यात!"

सुईला हसू फुटलं. मग त्याच्याकडे पाहून विरलं.

"कोणाला ठाऊक आहे?"

"मला. बहुतेक बाईसाहेबांना. आणि आता तुम्हाला. बाईसाहेब सगळीकडे सांगतात, मला उभ्या जन्मात प्रॉम्प्टर लागला नाही. रेकॉर्डवर माझा आवाज निघाला, तर त्या खोट्या पडतील आणि मॅनेजर मला खड्ड्यातून उपटून रस्त्यावर ठेवतील. दुसरं काही येत नाही मला." तो पुढे झुकला. "शुक्रवारी रेकॉर्ड कारखान्यात जाणार म्हणे. पुसाल ना? सगळा?"

त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते. ती लाजली. बिचारीला कुठे ठाऊक, की प्रॉम्प्टर सगळ्यांच्याच ओठांकडे बघतो, अगदी भाजीवाल्याच्यासुद्धा.

"पुसते," ती म्हणाली.

* * *

त्या दिवसापासून दोघांचं कुठेच बूड टेकेना.

तो रोज तालीम संपली की स्टुडिओच्या पायऱ्यांवर हजर व्हायचा. बसायचा, उठायचा, दाराशी जायचा, परत यायचा. वाऱ्याने कागद उडावेत तसा.

"किती उरलोय?" ती बाहेर आली की पहिला प्रश्न.

"आज सदतीस ठिकाणी मेलात."

"दुखलं नाही."

"मला दुखलं. दुसऱ्या अंकात 'दार उघड' किती गोड म्हटलं होतंत. काढायला अर्धा तास लागला."

"अर्धा तास? त्या दोन शब्दांना?"

"पाच मिनिटं काढायला. बाकीची… ऐकायला."

तो यावर काहीतरी बोलेल म्हणून ती वाट पाहायची. तो बुटाने पायरी घासायचा आणि म्हणायचा, "वारा सुटलाय नाही?"

मग दोघं चालत सुटायची. बस समोर उभी असली तरी चालायची. वाटेत तिने एकदा विचारलं, "लग्नाबिग्नात कधी कुजबुजलात का?"

"मित्राच्या लग्नात. तो बोहल्यावर होता आणि बायकोचं नाव विसरला."

"मग?"

"मी सांगितलं. बायकोने ऐकलं. तेव्हापासून त्यांच्या घरी मला कोणी बोलवत नाही."

ती इतकी हसली की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा हात थांबला. गिऱ्हाईकाची अर्धी मिशी गेली ती त्याच दिवशी.

घरी मावशीने सगळं टिपलं होतं. सुई मावशीकडे राहायची आणि मावशी शिवणयंत्रावर बसून जगाचा हिशेब ठेवायची.

"पायाला भिंगरी लागलीय का गं? तिसऱ्यांदा खिडकीशी गेलीस."

"उकडतंय मावशी."

"स्वेटर घातलायस. कोण आहे तो?"

"कोणी नाही. एक कुजबुज आहे."

"बरं असतं," मावशी दोरा तोडत म्हणाली. "तुझ्या काकांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून यायचा. कुजबुजणारा असता तर शेजाऱ्यांना आमची भांडणं तरी कळली नसती. काय म्हणतो?"

तीच तर गोम होती. तो काहीच म्हणत नव्हता. दुसऱ्याचे शब्द त्याच्याकडे पोत्याने होते. स्वतःचा एक निघत नव्हता.

* * *

बुधवारपर्यंत दोनशे पाच पुसून झाल्या. राहिली ती एकच.

ती पुसता येत नव्हती… हे अगदी खरं, यात माझी भर काही नाही. संगणकाच्या पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं. त्यात कुजबुज म्हणजे राखेचा पुसट डाग. एरवी सुई तो अलगद उचलायची. पण इथे डाग बरोबर बाईसाहेबांच्या श्वासावर पडला होता. कुजबुज काढली की श्वासही जायचा आणि बाई एकदम "ओळखते!" म्हणून किंचाळल्यासारख्या वाटायच्या. कोणीतरी टाचणी टोचल्यासारख्या.

"मग चारही सेकंद कापून टाक," तिचे साहेब म्हणाले.

"साहेब, त्या चार सेकंदांसाठीच तर लोक रेकॉर्ड घेणार!"

"मग राहू दे कुजबुज. शुक्रवारी संध्याकाळी रेकॉर्ड जाणार म्हणजे जाणार. ज्याचा आवाज त्याचं नशीब."

गुरुवारी तो पायऱ्यांवर उभाच होता. "किती उरलोय?"

"एक."

"तीच ना?"

"तीच."

दोघं चालायला लागली. कोपऱ्यावर वारा इतका होता की तिचे केस त्याच्या खांद्यावर जाऊन येत होते. तिला वाटलं, आता नाही बोलले तर उद्या हा आवाज एकतर पुसलेला असेल नाहीतर रस्त्यावर आलेला. ती उभी राहिली. त्याच्याकडे वळली.

"मला तुमचा आवाज…"

ती थांबली. मुद्दाम. पुढचा शब्द तिच्याकडे तयार होता, चांगला दोन आठवडे घासूनपुसून ठेवलेला. फक्त त्याने एकदा वर पाहावं, मग म्हणायचा.

त्याची नजर तिच्या ओठांवर होती. ओठ थांबले. आणि त्याच्या अंगात मुरलेली सवय त्याच्या आधी बोलून गेली—

"…नकोसा झालाय," तो हळूच म्हणाला. "होणारच. दोन आठवडे तेच तेच ऐकून कोणालाही होईल."

तिने वाऱ्यावरचे केस मुठीत गोळा केले.

"हो," ती म्हणाली. "अगदी बरोबर. तुम्हाला सगळ्यांची वाक्यं पाठ असतात, नाही का? मग आम्ही कशाला तोंड उघडायचं!"

आणि ती उलट्या दिशेने गेली. घर त्या दिशेला नव्हतं, पण तरी गेली.

घरी पोचली तेव्हा मावशीने नुसतं शिवणयंत्र थांबवलं. तेवढ्यानेच सुईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने ते पुसलं, टेलिफोन उचलला आणि थेट बाईसाहेबांना लावला.

बाईसाहेब म्हणजे साधं प्रकरण नव्हे. त्यांचा वरचा सूर लागला की समोरच्या इमारतीतली मांजरं खिडक्या बदलत.

"बाईसाहेब, तुमचा श्वास हवाय."

"काय हवंय?"

"तिसऱ्या अंकातला. 'ओळखते'च्या आधीचा. रेकॉर्डवरचा खराब झालाय. उद्या सभागृहात येऊन एक श्वास द्याल का? गायचं नाही. फक्त श्वास."

पलीकडे बांगड्या किणकिणल्या.

"कशाने खराब झाला, मुली?"

सुई टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळू लागली.

"हं," बाईसाहेब म्हणाल्या. "सकाळी अकरा. आणि तो खड्ड्यात हवा. तो समोर नसेल तर मला श्वास घेता येत नाही… हे कुठे बोललीस तर बघ."

* * *

अकराला रिकाम्या सभागृहात तिघंच होते. रंगमंचावर बाईसाहेब, पूर्ण दागिन्यांसह, कारण नुसता श्वास असला तरी तो त्यांचा होता. खड्ड्यात कुजबुज्या, रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांनी. आणि त्याच्यापासून चार हातांवर, पहिल्या रांगेपुढे रेकॉर्डर मांडून सुई, त्याच्याकडे अजिबात न बघणारी.

"हा हात मी…" बाईसाहेबांनी सुरुवात केली, थांबल्या आणि श्वास घेतला. पडदा आत ओढला गेला. निदान मला तरी तसं सांगितलंय.

"फार मोठा झाला," सुई म्हणाली.

"माझा लहान येत नाही."

चौथा श्वास बरोबर बसला. बाईसाहेबांनी शाल सावरली, खड्ड्यापाशी आल्या आणि खाली वाकल्या.

"काय रे, त्या दिवशी चार सेकंद मी तुझ्याकडे जीव टांगून बघत होते आणि तू माझ्याकडे चंद्र उगवल्यासारखा!"

"मला वाटलं, तुम्ही… मुद्दाम…"

"ओठ बघतोस म्हणून असं वाटतं. थांबलेले ओठ आणि विसरलेले ओठ सारखेच दिसतात. डोळे बघावेत. विसरलेला माणूस डोळ्यांनी इकडेतिकडे शब्द शोधत असतो. मुद्दाम थांबलेला एकाच ठिकाणी बघतो." त्यांनी आवाज खाली आणला. "वीस वर्षांत एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या मला. पण बाहेर कळलं, तर तुला हाकलायला मीच पहिली असेन. समजलं?"

आणि त्या गेल्या. दार बंद झालं.

कुजबुज्या लाकडी टोपी बाजूला सारून खड्ड्यातच सुईकडे वळला. कालचा कोपरा त्याच्यापुढे पुन्हा उभा राहिला होता. वारा, ते केस… आणि त्याने न पाहिलेले दोन डोळे.

"ऐका—" तो म्हणाला.

"बोलू नका," सुई रेकॉर्डरकडे बघत म्हणाली. "अजून काम आहे. दोन मिनिटं सभागृहाची शांतता घ्यायची आहे. श्वास ज्या शांततेत घेतला, तीच त्याच्या दोन्ही बाजूंना अंथरावी लागते. नाहीतर जोड ऐकू येतो आणि तुमची नोकरी जाते. दोन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. जमेल?"

त्याने मान हलवली.

लाल दिवा लागला.

दोन मिनिटं म्हणजे किती, हे दोघंच समोरासमोर असल्याशिवाय कळत नाही. वीस सेकंदांनी सुईने छताकडे पाहिलं. तीस सेकंदांनी खुर्च्या मोजल्या. चाळीस सेकंदांनी तिला राहवेना, म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्या डोळ्यांत बघत होता. ओठांकडे नाही. सरळ डोळ्यांत. तिने नजर हलवायचा प्रयत्न केला. हलेना.

तिच्या कानांवर हेडफोन होते. त्यांत तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, आत जाणारा, अडणारा, पुन्हा आत जाणारा. त्याची बोटं खड्ड्याच्या काठावर नाचत होती. सत्तर सेकंद… ऐंशी… दोन मिनिटं पुरी व्हायला अवघे चाळीस सेकंद उरले होते. फक्त गप्प बसायचं होतं, आणि नोकरी वाचत होती.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला.

आणि कुजबुजला नाही हं! खणखणीत बोलला. दहा वर्षं त्या खड्ड्यात बसून त्याचा खरा आवाज त्या सभागृहाने कधी ऐकला नव्हता. तो वरच्या सज्ज्यापर्यंत गेला आणि दमून परत आला.

सुईने हेडफोन काढले. कान लालबुंद झाले होते.

"ऐंशी सेकंद फुकट घालवलेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"अगदी मायक्रोफोनपाशी."

"माहीत आहे. काल मी तुझं वाक्य मोडलं. पुढचा शब्द काय होता?"

"सांगणार नाही. पुन्हा घ्यावी लागेल शांतता. गप्प राहा."

लाल दिवा लागला. पंचवीस सेकंद झाले.

"आवडतो, हा होता," सुई म्हणाली.

तिसऱ्या खेपेला तो हसला. चौथ्या खेपेला ती. मधेच दोघं खड्ड्याच्या काठावर बसून कोणाचा दोष यावर भांडली. बाहेर स्टुडिओची गाडी भोंगा वाजवत होती. घड्याळात बारा वाजून गेले आणि मॅनेजरांच्या पावलांचा आवाज मागच्या जिन्यावर येऊन परत गेला, तेव्हा कुठे दोघांचे चेहरे उतरले.

"आता खरंच," ती म्हणाली. "संध्याकाळच्या आत मला हे जोडायचंय. माझ्यासाठी गप्प बस."

"हात दे," तो म्हणाला. "नाहीतर मी बोलेन."

तिने दिला.

पाचव्या खेपेला दोन मिनिटं पुरी झाली. त्यात बुटांची करकर नव्हती, खोकला नव्हता, कुजबुज तर नव्हतीच. दोघांपैकी कोणी हललं नाही. दिवा विझल्यावरसुद्धा बराच वेळ.

शेवटी गाडीवाले काका स्वतःच आत आले. सुईने रेकॉर्डर त्यांच्या हातात दिला, एखादं तान्हं मूल द्यावं तसा.

"जपून न्या हो काका. फार महत्त्वाचं आहे."

"तासभर भोंगा वाजवतोय मी," काका म्हणाले. "एवढं काय भरलंयत यात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काहीच नाही," सुई म्हणाली, आणि पळतच गाडीकडे निघाली. हात सोडायचा राहिला होता, त्यामुळे त्यालाही पळावं लागलं.